ड्राफ्टमधली जादा ओळ

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्या घरातली नाही. कमलनगरला माझे अप्पा दर रविवारी विहारात पोरांना गोळा करून शिकवायचे... भूत, करणी, अंगात येणं, सगळं थोतांड. एकदा आमच्या गल्लीतल्या एका बाईच्या अंगात आलं, तर अप्पांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं, "हिला आधी पोटभर जेवू घाल, मग बघू." त्याच अप्पांची मी लेक. वर कॉम्प्युटर शिकलेली. त्यामुळे इथं हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण दुसरीकडं कुठं सांगू?

गोष्ट २०११ ची आहे, बसवकल्याणची. उदगीरला बीसीए करून मी पुण्यात दोन वर्षं एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. मग लग्न झालं. माझे मिस्टर बसवकल्याणला शिकवणी चालवतात, पाचवी ते दहावी. दुमजली घर आहे, खाली आम्ही राहतो, वर क्लास. त्यांचं हे दुसरं लग्न. पहिली बायको सुनंदा २००८ साली तापानं गेली होती. मूलबाळ नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं, मी स्वतः होकार दिला होता. तक्रार नव्हती.

तक्रार नंतर सुरू झाली.

सुनंदाही क्लासमध्ये शिकवायची. पोरं तिला मोठ्या मॅडम म्हणायची आणि मला नव्या मॅडम. दोन वर्षं झाली तरी मी नवीच! आलेलं प्रत्येक माणूस तिचं काहीतरी सांगायचं. मोठ्या मॅडमची भाकरी, मोठ्या मॅडमचं अक्षर, मोठ्या मॅडमना पोरं कशी भ्यायची नाहीत. मी हसून ऐकायची आणि आतल्या आत जळायची. जिवंत सवत असती तर भांडले तरी असते हो. मेलेल्या बाईशी कसं भांडायचं?

आता मेलचं सांगते. क्लासमधल्या निम्म्या पोरांचे वडील बाहेरगावी. कोणी पुण्याला साइटवर, कोणी हैदराबादला, दोघं मस्कतला. तेव्हा बऱ्याच जणांनी नवीन नवीन ईमेल काढले होते. सुनंदानं एक रीत घातली होती, दर शनिवारी त्या वडलांना पोराबद्दल चार ओळींची मेल पाठवायची. ती गेल्यावर ते बंद पडलं. मी म्हटलं, मी सुरू करते. पण हातानं नाही, प्रोग्रामनं. म्हटलं, तिनं जे तासन् तास बसून केलं ते मी दोन मिनिटांत करून दाखवते. माझ्या मनात हेच होतं, खोटं कशाला बोलू.

ज्यांना कॉम्प्युटरमधलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात... एका तक्त्यात पोराचं नाव, हजेरी, मार्क आणि वडलांचा मेल पत्ता. माझा प्रोग्राम एकेक ओळ उचलायचा, ठरलेल्या मजकुरात बसवायचा आणि मेल कंपनीच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामला आत जायला त्यांनी ठेवलेल्या दारातून, आमच्या खात्यात ड्राफ्ट करून ठेवायचा. बावीस पोरांचे बावीस ड्राफ्ट. मेल थेट जात नसे, कारण मिस्टरांची अट होती — "माझ्या नावानं जाणारं पत्र मी वाचल्याबिगर जायचं न्हाई." म्हणून शनिवारी दुपारी ते एकेक ड्राफ्ट उघडून वाचणार आणि मग पाठवणार.

पहिले तीन आठवडे नीट गेले. ते भराभर वाचायचे, पाठवायचे, उठायचे. "छान," एवढं म्हणायचे. बस.

चौथ्या शनिवारी ते एका ड्राफ्टवर थांबले. मी शेंगा फोडत बाजूलाच बसले होते.

"हे तू लिवलीस व्हय?"

मी वाकून बघितलं. दीपक नावाच्या पोराचा ड्राफ्ट होता. हजेरी, मार्क, सगळं माझंच. आणि खाली एक ओळ जादा — *दीपकची चप्पल तुटली आहे, तो सांगत नाही. एवढंच.*

ही ओळ मी लिहिली नव्हती. पण मिस्टर माझ्याकडं असं बघत होते... लग्नानंतर त्या नजरेनं त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच बघितलं असेल. मी म्हटलं, "व्हय."

तिथंच चुकलं.

सोमवारी दीपकच्या पायात बघितलं. चपलेचा अंगठा तारेनं बांधला होता.

मी प्रोग्राम तपासला. तो काय काय पाठवतो त्याची नोंद मी एका फाइलीत ठेवायची. त्यात ती ओळ नव्हती. खात्यातल्या ड्राफ्टमध्ये मात्र होती. वाटलं, कोणीतरी खात्यात शिरलंय. पासवर्ड बदलला. खातं कुठून कुठून उघडलं ते बघता येतं, तेही बघितलं. फक्त आमचा एकच कॉम्प्युटर. मुद्दाम दुसरं खातं काढून तोच प्रोग्राम तिथं चालवला. तिथं बावीसच्या बावीस ड्राफ्ट कोरडे, जसे हवे तसे. आमच्या खात्यात मात्र पुढच्या शनिवारी पुन्हा दोन ओळी जादा. *संतोषला रागावू नका. तो आकड्यांना भितो, अभ्यासाला नाही. एवढंच.* दुसरी मस्कतच्या एका वडलांना — *आरतीला फोनवर आधी मार्क विचारू नका, आधी जेवलीस का विचारा. एवढंच.*

हे "एवढंच" कुठून आलं ते मला हुडकायचं होतं. एका दुपारी मिस्टर वर शिकवत असताना मी सुनंदाच्या जुन्या पाठवलेल्या मेल उघडल्या. आधी कधी उघडल्या नव्हत्या, हिंमत नव्हती. शंभरावर होत्या. प्रत्येकीच्या शेवटी तेच. एवढंच.

वाचताना भीती वाटायला पाहिजे होती ना? मला राग आला. किती नेमकं लिहायची ती बाई! एका ओळीत पोर उभं करायची. माझ्या मेलमध्ये काय होतं, हजेरी ब्याण्णव टक्के.

मिस्टरांना काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? "ते माझं नाही, तिचं आहे"? इतक्या दिवसांनी ते माझ्याजवळ खुर्ची ओढून बसायला लागले होते. शनिवारी जेवण झालं की स्वतःच हाक मारायचे, "चल, बघू आज काय लिवलीस." आणि ती ओळ आली की वाचून हळूच हसायचे. ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. होतं, पण नव्हतं. एकदा म्हणालेही, "सुनंदा अशीच लिवायची." मग माझा चेहरा बघून घाईनं दुसरा ड्राफ्ट उघडला.

श्रावणात एका शनिवारी सकाळी दीपकची आई आली होती. चप्पल घ्यायला नवऱ्यानं पैसे धाडले, म्हणून सांगायला. तिचा थोरला सुनंदाच्या वेळी क्लासला होता. जाताना म्हणाली, "अगदी मोठ्या मॅडमवानी लिवायलाव की तुमी. आमाला वाटलं त्याच आल्या परत."

दुपारी प्रोग्राम चालवला. मिस्टर अजून वरच होते. मीच आधी ड्राफ्ट बघितले. ओळ एकाच ड्राफ्टमध्ये होती, पल्लवीच्या. पल्लवी सातवीत, हुलसूरहून रोज बसनं यायची. वडील पुण्यात क्रेन चालवायचे. ओळ नेहमीपेक्षा लांब होती —

*पल्लवी जिन्यात मधेच थांबते आणि चप्पल नीट करायचं नाटक करते. तिचे ओठ बघा. मोठ्या डॉक्टरला दाखवा. एवढंच.*

मी ती खोडली.

डोक्यात दीपकच्या आईचं बोलणं घुमत होतं. म्हटलं, बास आता. माझ्या घरात, माझ्या प्रोग्राममध्ये, माझ्या नवऱ्यासमोर... बास. मिस्टर खाली आले, सगळे ड्राफ्ट वाचले. ओळ हुडकत होते, कळत होतं मला. मिळाली नाही. "आज कायबी न्हाई व्हय?" म्हणाले आणि एकेक करत सगळे पाठवून उठले. खुर्ची होती तिथं सरकवून ठेवली.

सोमवारी मी जिन्याखाली उभी राहिले. पोरं धडाधड वर गेली. पल्लवी सगळ्यांच्या मागं. सहा-सात पायऱ्या चढली आणि थांबली. खाली वाकून चप्पलचा पट्टा चाचपायला लागली. पट्टा चांगला होता.

"काय झालं गं?"

"कायबी न्हाई मॅडम. पट्टा निघालाय."

मी तिची हनुवटी वर केली. ओठ जांभळट... जांभूळ खाल्ल्यावर होतात ना, तसे. श्वास लागला होता आणि पोर तो दाबून हसत होती.

तिला खालीच बसवलं. आत जाऊन आधी काय केलं असेल? प्रोग्राम पुन्हा चालवला. एकदा, दोनदा, चारदा. म्हटलं ती ओळ परत येऊ दे, मिस्टरांना दाखवते, सगळं कबूल करते. आली नाही. जुना ड्राफ्ट तर पाठवून झालेला, त्यातनं मीच खोडलेली.

मग मिस्टरांना एवढंच सांगितलं, "पल्लवीला बरं न्हाई, मी तिच्या घरी सोडून येते." दुपारच्या बसनं तिला घेऊन हुलसूरला गेले. तिची आई अंगणात तूर पाखडत होती. मला बघून उभीच राहिली.

"मॅडम, तुमी कामून आलाव? पोरीनं काय केली?"

"तिनं काय केलं न्हाई अक्का. तिला धाप लागायलीय. कधीपासनं?"

आई पोरीकडं बघायला लागली, पोर जमिनीकडं. "लई दिवस झाले," पल्लवी म्हणाली. "सांगितलं असतं तर आमचे अप्पा काम सोडून आले असते."

तिच्या वडलांना मी तिथूनच फोन केला. ते रात्रीच्या गाडीनं निघाले. आधी कलबुर्गी, मग सोलापूर. हृदयाला जन्मापासून भोक होतं. ऑपरेशन झालं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. दिवाळीनंतर पोरगी परत क्लासला यायला लागली. तिचे वडील मिठाईचा पुडा घेऊन आले आणि मिस्टरांसमोर मला म्हणाले, "मॅडम, सख्ख्या आईला दिसलं न्हाई ते तुमाला दिसलं."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं लाजले.

ते गेल्यावर मिस्टर म्हणाले, "एक सांगू? सुनंदा नुसती लिवायची. तू बसमधी बसून गेलीस. तिच्यापेक्षा तुझं जास्त ध्यान हाय पोरांकडं."

दोन वर्षं मी हे एक वाक्य ऐकायला तडफडत होते. तिच्यापेक्षा. आणि ऐकलं तेव्हा धड हो म्हणता येईना, धड खरं सांगता येईना.

त्या दिवसानंतर जादा ओळ आली नाही. एकदाही नाही. मी काही आठवडे वाट बघितली, मग स्वतःच पोरांकडं बघून लिहायला लागले. चार दिवस विचार करून एक ओळ सुचते. बरी असते. तिच्यासारखी नसते. म्हणजे अजूनही जळतेच मी तिच्यावर, हे लपवत नाही.

पुण्यातल्या जुन्या ऑफिसातल्या एका मित्राला नाव-गाव न सांगता सगळं विचारलं. तो म्हणाला, तूच लिहिलं असशील आणि विसरली असशील, नाहीतर जुना मजकूर कुठंतरी मिसळला असेल. जुन्या मजकुरात दीपकची चप्पल कशी असेल? सुनंदा गेली तेव्हा तो आमच्या क्लासमध्येही नव्हता. आणि पल्लवीचा जिना मी सोमवारी बघितला, ओळ शनिवारी आली होती. अप्पांना विचारायची सोय नाही. इथं कोणाला एपीआयमधलं खोल कळत असेल तर जरूर सांगा. इथलं माझं नाव खरं नाही, हेही सांगून ठेवते.

एक गोष्ट मी केली. पल्लवी परत आली त्या आठवड्यात तक्त्यात तेविसावी ओळ घातली. पत्त्याचा रकाना कोरा ठेवला. मजकूर असा — *ती ओळ मी खोडली होती. चुकले.* प्रोग्राम चालवला, ड्राफ्ट तयार झाला. त्याला पत्ता नाही म्हणून तो जात नाही आणि माझ्या हातानं पुसवत नाही. तिथंच पडून आहे.

मिस्टर अजून दर शनिवारी सगळे ड्राफ्ट वाचल्याबिगर उठत नाहीत. म्हणजे तोही त्यांनी वाचलाच असणार. अजून एका शब्दानं विचारलेलं नाही.