मास्तरांच्या सायकलचा आऊट

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी सायकलच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला शिकले. दुसरी मोठी लढाई चालू होती. आमचे हे येळ्ळूरच्या शाळेत मास्तर. बेळगावातून रोज सायकलवर जात. एकदा गाडीवाटेच्या चाकोरीत पुढचं चाक अडकलं आणि असं वाकडं झालं की दर फेरीला चाक धरणाऱ्या चिमट्याला घासू लागलं.

दुकानदार म्हणाला, "नवी रिम लढाई संपस्तवर मिळायची न्हाय, मास्तर. आऊट काढून देतो, पण आठ दिवस लागतील. लई सायकली पडल्यात."

हे त्याच्याकडून चाकाच्या तारा आवळायचा छोटा पाना आणि चार जास्तीच्या तारा घेऊन आले. रविवारी सायकल अंगणात उलटी केली. दुपारपर्यंत दोन तारा तुटल्या आणि चाक आणखीच वेडंवाकडं झालं. सासूबाई म्हणाल्या, "चाक आहे की कडबोळं?"

मी शेजारी तांदूळ निवडत होते. न राहवून म्हटलं, "अहो, चाक उजवीकडे झुकतंय आणि तुम्ही उजवीकडचीच तार आवळताय."

ह्यांनी पाना माझ्यापुढे केला. "तूच बघ."

तुटलेल्या तारांच्या जागी नव्या घातल्या. मग ह्यांच्या खिशातला खडू मी रिमजवळ धरला आणि चाक फिरवलं. जिथं फुगवटा, तिथं पांढरी रेघ उठली. तिथली डावी तार पाव फेरा आवळली, उजवी तेवढीच सैल केली. शिवणाच्या मशीनवर दोरा फार ताणला की तुटतो, हे मला ठाऊक होतं. रेघ पुसायची, पुन्हा फिरवायचं. चार वाजेपर्यंत घासणं थांबलं. किंचित हेलकावा राहिला, तो राहिलाच.

शाळेत ह्यांनी सांगितलं, "घरीच काढला आऊट." कुणी काढला, ते सांगितलं नाही. मलाही त्याचं काही वाटलं नाही. पण पुढच्याच रविवारी शाळेतले दुसरे मास्तर आपली सायकल घेऊन दारात उभे. ह्यांनी बाह्या सारल्या, पाना हातात घेतला, चाकाकडे पाहत बसले. मी आतून चहा घेऊन आले, तेव्हा हे कानापर्यंत लाल झाले होते.

"खरं सांगायचं तर," हे म्हणाले, "हे हिचं काम आहे."

पाहुणे मास्तर गडबडून उठले आणि आपल्याखालचा पाट मला दिला. मी पदर खोचला. हे समोर उकिडवे बसून चाक धरून राहिले, आणि मी म्हणेन तेव्हा फिरवत राहिले.