तार कोणी बांधायला लावली?

धुलाईघरात कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी मला, सगळ्या जिला ताई म्हणायच्या, त्या बाईच्या जोडीला दिलं. हॉस्पिटलचं धुलाईघर म्हणजे दिवसाला सातशे-आठशे चादरी. वाफेवर तापलेल्या लांब रोलरखाली दोघींनी टोकं धरून चादर सरळ सोडायची. एकीने जरा ढील दिली की चुणी पडते आणि चुणी पडली की चादर पुन्हा ओली करा. ताईच्या हातून चुणी पडलेली मी कधी पाहिली नाही. बाई उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला तिखट. पण वाफेचा पाइप जरा फुसफुसला की हातातलं टोक टाकून चार पावलं मागे सरायची. मी एकदा हसले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली पडलेलं टोक उचलून दिलं. दुपारी डबा खाताना तिने आपणहून सांगितलं.

तिचा नवरा कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. आत वाफ जास्त झाली की एक झडप आपोआप उघडते आणि जादा वाफ बाहेर सोडते. ती झडप जुनी झालेली, सारखी उघडायची, आणि उघडली की काम खोळंबायचं. सुपरवायझरने हुकूम सोडला, तारेने आवळून टाका. नवरा नको म्हणाला. सुपरवायझरने मग एका फिटरला बोलावलं आणि स्वतः समोर उभं राहून तार बांधून घेतली. तिसऱ्या दिवशी बॉयलर फुटला. ताईचा नवरा भाजला आणि दोन दिवस जगला. "मी नको म्हटलं होतं गं," एवढंच तो बोलून गेला. फिटर आठवड्याभरात गाव सोडून पळाला. चौकशीत सुपरवायझरने सांगितलं की बॉयलरवरचा माणूस झोपला होता. कागदावर तसंच लागलं: कामगाराचा निष्काळजीपणा.

"आणि हाच माणूस," ताई म्हणाली, "आमच्या चर्चमध्ये दर रविवारी उभा राहून शास्त्र वाचतो. आवाज असा, जसा मधात बुडवून काढलाय."

चौकशी संपली त्या रविवारी उपासनेनंतर ती चर्चच्या दारात उभी राहिली. सुपरवायझर बायकोबरोबर बाहेर आला. सगळ्यांसमक्ष ताईने विचारलं, "झडपेला तार कोणी बांधायला लावली?"

"दुःखात आहे बिचारी," तो लोकांना म्हणाला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला. तिने तो हात मनगटाला धरून खाली केला.

पुढच्या रविवारी ती पुन्हा दारात उभी राहिली. प्रश्न तोच, शब्दही तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी धुलाईघरात आले तेव्हा या गोष्टीला पाच वर्षं झाली होती. चर्चमधले लोक तिला पाठीमागे "दारवाली" म्हणायचे. सुपरवायझर मागच्या दाराने जाऊ लागला तर ती मागच्या दाराशी. त्याने सकाळची उपासना सोडून संध्याकाळची धरली तर हिने रविवारच्या पाळ्या बदलून घेतल्या. मधे वर्षभर तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चमध्ये जात होता. ही दोन बस बदलून तिथे हजर.

ओरडणं नाही, शिवी नाही. एक प्रश्न, मग घर. पण तो प्रश्न ती कशी विचारायची हे मला तिने एकदा रोलरवर करून दाखवलं, तेव्हा मीच एक पाऊल मागे सरले. डोळे त्याच्या डोळ्यांत रोवलेले, आवाज अगदी खाली. "मला त्याची झोप उडवायची आहे," ती म्हणाली. "सोमवारपासून शनिवारपर्यंत त्याला रविवारची धास्ती वाटली पाहिजे. जेवताना घास अडकला पाहिजे."

"आणि देव याला हरकत घेत नाही?" मी विचारलं. मी काही चर्चला जाणारी नव्हे.

"घेत असेल. त्याचं माझं बोलणं चालू आहे."

पाळकसाहेबांनी तिला बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, मंडळीची शांती बिघडते आहे. सोडून द्या."

"पाळकसाहेब, एक विधवा न्यायाधीशाच्या दारी रोज जाऊन त्याला भंडावून सोडते, ती गोष्ट शास्त्रात आहे ना? तुम्हीच सांगितलीत. प्रभूने त्या बाईला नावाजलं की घरी जा म्हटलं?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "ती प्रार्थनेबद्दल आहे."

"मग मी काय करते आहे?"

तिची बहीण म्हणायची, असल्या लोकांत कशाला जातेस, दुसरं चर्च बघ, नाहीतर सोडच सगळं. मुलाने तर सोडलंच. एकोणिसाव्या वर्षी त्याने आईला तोंडावर सांगितलं, "तुझा देव त्याच्याच बाजूचा आहे. बघ ना, त्यालाच उभा करून स्वतःचं पुस्तक वाचून घेतो." त्याच दिवशी तो दोन मित्रांना घेऊन सुपरवायझरला चोपायला निघाला होता. ताई घराच्या दारात आडवी झाली.

"हात लावायचा नाही. मार खाऊन तो साधू ठरेल. मला त्याच्या तोंडून पाहिजे."

"आणि तुझा देव?"

"चर्च माझ्या बापाचं घर आहे. चोर आत शिरला म्हणून मी घर सोडू? चोराला काढीन, नाहीतर त्याला कबूल करायला लावीन. मी हलणार नाही."

मुलगा त्यानंतर चर्चला गेला नाही. ते तिला लागलं होतं. त्या दिवसांत ती चादरी इतक्या जोरात ताणायची की माझ्या हातातून टोक निसटायचं.

असं चौदा वर्षं चाललं. मग ताईच्या पित्ताशयात खडे झाले आणि आमच्याच हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. आम्ही इस्त्री केलेल्या चादरीवर पडून ती म्हणाली, "ही चुणी कुणी पाडली?" लागोपाठ तीन रविवार तिला उठता आलं नाही. चौथ्या रविवारी हट्टाने निघाली. एकटीने चालवेना, म्हणून मी बरोबर गेले.

उपासना संपली. ती माझा दंड धरून दाराशी पोचली तर सुपरवायझर आधीच तिथे उभा. केस पांढरे झालेले, कोट खांद्यावरून उतरलेला. लोक त्याच्या बाजूने वाट काढून जात होते. ताईला पाहून तो पुढे आला.

"तीन आठवडे तुम्ही आला नाहीत," तो म्हणाला. "मी थांबायचो. कोणी विचारलं नाही, तरी ऐकू यायचं." त्याने कोट खांद्यावर ओढून घेतला. "मीच बांधायला लावली. तो नको म्हणाला होता."

मला वाटलं ताई आता रडेल. तिने माझा दंड सोडला आणि भिंतीला हात टेकून ताठ उभी राहिली.

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

त्याने मोठ्याने सांगितलं. पायऱ्यांवरचे लोक जागच्या जागी थबकले. त्याची बायको तोंड फिरवून चालू लागली.

"आता हेच कागदावर," ताई म्हणाली.

त्याने तेही केलं. कारखान्यांच्या सरकारी कचेरीत जाऊन लेखी जबाब दिला. चार महिन्यांनी नोंद बदलली आणि नवऱ्यावरचा ठपका गेला. ताईने ते पत्र धुलाईघरात आणून सगळ्यांना वाचून दाखवलं. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"गोड," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? त्याचा चेहरा आठवला की अजून गोड वाटतं. देवालाही तसंच सांगितलं."

सुपरवायझरचं शास्त्रवाचन बंद झालं. ज्यांनी चौदा वर्षं त्याच्याशी हात मिळवून हिला वेडी ठरवलं होतं, तेच आता त्याला टाळू लागले. तो बसला की बाक रिकामा व्हायचा. ताईने दोन रविवार ते डोळे भरून पाहिलं. तिसऱ्या रविवारी तिला त्याची चव लागेना. हे तिने मला सोमवारी फार चिडून सांगितलं.

"एवढे सगळे तेव्हा ऐकत होते गं. चौदा वर्षं. एकाने तरी विचारलं का त्याला? आणि आता एकट्याच्या माथी मारून हे सगळे स्वच्छ! असं सुटू देईन मी यांना?"

"मग काय केलंत?"

"गेले आणि त्याच्या बाकावर बसले. म्हटलं, सरका."

सगळ्या चर्चने माना वळवून पाहिलं. ताईने एकेकाकडे परत पाहिलं, जोवर तो मान खाली घालत नाही तोवर. सुपरवायझर रडत होता. तिने त्याला रुमाल दिला नाही.

"म्हणजे माफ केलंत?" मी विचारलं.

"मला नाही जमलं अजून. देवाला म्हटलं, तू सुरुवात कर, मी येते मागून."

तेव्हापासून ती तिथेच बसते. दोघं बोलत नाहीत. मागच्या महिन्यात सुपरवायझरचे पाय सुजले आणि दोन रविवार तो घरीच राहिला. ताई त्याच्या घरी गेली, थेट आत शिरली आणि त्याच्या बुटांचा जोड त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "उठा. घरी बसून सुटका नाही. तुमचीही नाही, माझीही नाही."