सोमवारची चव

सांगलीतली मावशींची ती खाणावळ त्यांच्या सासूबाईंनी सुरू केलेली. काळ्या फरशीवर सागवानी बाकडी, आत चूल, त्यामुळं जेवून उठलं की शर्टालाही धुराचा वास लागायचा. गावाहून शाळेसाठी आलेलो मी तिथं महिन्याच्या बोलीवर जेवायचो. मावशींचा सोमवार असायचा. उपासाला त्या चाखणार कसं? आणि चुलीपाशी बसून त्यांना वासही कळायचा नाही. मग चव बघायची वाटी माझ्यापुढं यायची. पोराचं नाक लय तिखट, भाजी खाली लागायच्या आधीच त्याला कळतं, असं त्या गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायच्या. वर्गात कुणी मला काही विचारत नव्हतं. इथं विचारत होतं.

नववीत शाळा सुटली. मामांनी कोइंबतूरला गलाईच्या दुकानात नेलं. सोनं-चांदी ॲसिडात घालून शुद्ध करायची, तो पिवळा धूर दिवसभर. त्या धंद्यावर बहिणीचं लग्न झालं, घरावर स्लॅब चढला. मामांचे उपकार मी विसरणार नाही. पण दोन-तीन वर्षांपूर्वी लक्षात आलं, की मला उदबत्तीचाही वास येत नाही. घरी बोललो नाही. आईनं जिवाला लावून घेतलं असतं.

यंदा गावी आलो, तो थेट सांगलीला खाणावळीत गेलो. सोमवारच होता. मावशी आता काठी धरून चालतात, तरी आवाजावरून ओळखलं. बसायच्या आत अख्ख्या मसुराची वाटी हातात दिली.

"मीठ बघ रं. आनि खाली लागलंय का?"

मीठ बरोबर होतं. दुसऱ्या प्रश्नाला मी वाटी नाकाशी नेली, काहीच कळलं नाही. मग म्हणालो, "न्हाई, झकास झालंय."

पानं वाढली. पहिल्याच घासाला पलीकडच्या बाकड्यावरचे आजोबा थांबले आणि मसूर करपलाय म्हणून त्यांनी ताट सरकवलं. मावशींनी पातेलं उतरवलं, सगळ्यांसाठी पिठलं टाकलं. मग माझ्यासमोर येऊन बसल्या.

"कवापासनं?"

मी सांगितलं.

"मग तसं म्हनायचं न्हाई व्हय?"

इतकी वर्षं परमुलखात मी त्या वाटीची वाट बघत होतो, हे कसं सांगणार? मी खाली मान घालून भाकरी मोडली आणि तोच मसूर खात राहिलो. मावशींनी ताट ओढलं नाही. मला तो चांगला लागत होता.

जायच्या आधीच्या सोमवारी परत गेलो. मावशींनी वाटी भरली आणि माझ्यावरून पुढं नेऊन त्या आजोबांच्या हातात दिली. मला तव्यावरची पहिली भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि गाडी किती वाजता हाय, एवढंच विचारलं.