राजाखालची उतारी

आमच्या कुरुळीच्या घरमालक आप्पांइतका रागीट माणूस चाकणपासून निगडीपर्यंत दुसरा झाला नाही, आणि होऊ नये. सकाळी डोळे उघडायच्या आधीच त्यांना राग आलेला असायचा. तो कशाचा ते ठरायला मग चहा होईपर्यंत वेळ लागे. कंपनीचा भोंगा लवकर वाजला तर राग, वाजलाच नाही तर जास्त राग. कुणी ‘सॉरी’ म्हटलं की त्यांचा तोल जायचा. "सॉरी म्हनून पुन्यांदा तेच करनार की न्हाई?" असं ते विचारत. एकदा एका कंटेनरच्या ड्रायव्हरने त्यांना कुठल्याशा कारखान्याचा पत्ता विचारला. तो भलत्याच फाट्याला वळून आला होता. त्याच्या मूर्खपणाचा आप्पांना इतका संताप आला की ते स्वतः केबिनमध्ये चढून बसले, त्याला शिव्या घालत कारखान्याच्या गेटापर्यंत सोडून आले आणि भर उन्हात चालत परतले. मला ताप आला तेव्हाही, "आमच्याच खोलीत आजारी पडायचं सुचलं का?" म्हणून ओरडत ओरडतच त्यांनी मला दवाखान्यात नेलं. मी लातूरकडचा, इथे सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीला आलेला. बापाखेरीज कुणाचं एवढं ओरडणं ऐकायची मला सवय नव्हती.

या माणसाला ब्रिज यायचं, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. बापजाद्यांची जमीन, तिच्यावर बांधलेल्या भाड्याच्या खोल्या, दारात दोन म्हशी, आणि रविवारी दुपारी ओसरीवर ब्रिजचा डाव! फार पूर्वी एक इंजिनियर त्यांच्याकडे भाड्याने राहायचे, त्यांच्यापासून हा नाद घरात शिरला. इंजिनियर बदली होऊन गेले, नाद राहिला. आप्पा आणि मी भिडू. विरुद्ध बाजूला काकू, म्हणजे आप्पांची बायको, आणि त्यांचे भिडू खालच्या खोलीतले कोकणातले एक शांत गृहस्थ. बायकोला भिडू घ्यायला आप्पा तयार नसत. "घरात ती, पत्त्यातबी ती, दोन्हीकडं तिचंच कुठं ऐकू?" असं म्हणत. घरात तरी ते कुणाचं ऐकत होते, हे मी कधी विचारलं नाही.

ब्रिजमध्ये एक बाजू अमुक इतके हात करीन म्हणून बोली लावते आणि दुसऱ्या बाजूने तो डाव बुडवायचा असतो. बुडवायचे मार्ग दोन. एक, चढाई करायची: नवा रंग उघडायचा, आपले हात झटपट काढून घ्यायचे. दुसरा, गप्प बसायचं: निरुपद्रवी पान टाकायचं, फुकट काही द्यायचं नाही, समोरच्याला त्याचं त्याला झगडू द्यायचं. कधी काय करायचं हे कळणं म्हणजेच अर्धं ब्रिज. आप्पांना दुसरा मार्ग माहीतच नव्हता. हातात राजा असला की त्याच रंगाचं लहान पान ते आपटत, तेही असं की पाटावरचे बाकीचे पत्ते उडावेत. "मर्दानं बसून ऱ्हायचं नसतंय, हानायचं!" हे त्यांचं तत्त्वज्ञान. डाव हातचा गेला की दोष माझा. मी आठवडाभर शिफ्टमध्ये साहेबाचं ऐकून घ्यायचो आणि रविवारी आप्पांचं. खोटं कशाला सांगू, कित्येक रविवारी मला त्यांच्या डोक्यात तो पाट घालावासा वाटला होता.

त्या रविवारी काकूंनी चार इस्पिकांची बोली घेतली. खेळाच्या रीतीप्रमाणे त्यांच्या भिडूचे पत्ते पाटावर उघडे मांडले गेले. त्यात एकही लांब रंग, म्हणजे एकाच रंगाची पाच-सहा पानं, नव्हता. सगळं कसं सपाट. म्हणजे काकूंना नको असलेले पत्ते फेकायला कुठे जागाच नव्हती. आम्ही नुसते गप्प बसलो असतो तरी डाव बुडत होता. आप्पांच्या हाती उतारी, म्हणजे पहिलं पान टाकायची पाळी, आली. किलवरचं निरुपद्रवी पान त्यांच्याकडे होतं. त्यांनी बदामाच्या राजाखालचं लहान पान आपटलं. मी गुलाम टाकला, काकूंनी शांतपणे राणी टाकली, आणि जो हात त्यांना जन्मात मिळाला नसता तो फुकट घेतला. बोली पूर्ण झाली.

"गुलाम कशाला घातला?" आप्पा माझ्यावर कडाडले.

आणि काकू, ज्या खेळताना कधीच बोलत नसत, त्या बोलल्या. "त्यांनी काय घालायचं? राजा तुमी घालवला. गप ऱ्हायचं हुतं."

आप्पांनी हातातले पत्ते अंगणात भिरकावले. म्हशी बिचकल्या. "तुला काय कळतंय? मी शिकवलं म्हनून बसतीस हितं पत्ते घिऊन!"

काकू उठल्या. अंगणातले पत्ते गोळा केले, पुसून डब्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिशवी घेऊन रिक्षात बसल्या आणि पुनावळ्याला लेकीकडे निघून गेल्या.

मला वाटलं, आप्पा संध्याकाळपर्यंत लेकीच्या दारात जाऊन उभे राहतील. ते हललेसुद्धा नाहीत. म्हशींवर ओरडले, टँकरवाल्यावर ओरडले, खालच्या शांत गृहस्थांवर तर ते शांत आहेत म्हणून ओरडले. रविवार आला, डाव झाला नाही. पुढचाही रविवार तसाच गेला. घरात करपलेल्या भाकरीचा वास कायमचा मुक्कामाला आला. शेवटी मी म्हणालो, "आप्पा, जाऊन घेऊन या काकूंना."

"न्हाई. तीच म्हनली ना, गप ऱ्हायचं? बसलो गप. यील तिची ती."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. "अहो, जन्मभर नको तिथे हाणत आलात, आणि आता नको तिथे गप्प बसलात! समोर लांब रंग दिसत असला, समोरच्याला मोकळी जागा असली, तर गप्प बसायचं नसतं. पुनावळ्यात लेक आहे, नातवंडं आहेत, लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे. काकूंना तिथे अडलंय काय? बसा तुम्ही असेच. एके दिवशी तुमच्यावाचून काही अडत नाही, हेही त्यांच्या लक्षात येईल."

मला वाटलं, आता खोली खाली करायला लागणार. आप्पांनी उठून म्हशींपुढे वैरण टाकली. मग म्हणाले, "गाडी काढा."

वाटेत ते प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकीला शिव्या देत होते, पण त्यांत जीव नव्हता. लेकीने दार उघडलं. आत जेवणाच्या टेबलाभोवती सोसायटीतल्या तीन बायका आणि काकू, आणि टेबलावर पत्ते. काकू त्यांना ब्रिज शिकवत होत्या. आप्पा दारातच उभे राहिले.

"चुकलं माजं," ते म्हणाले. "राजाखालून न्हवतं खेळायचं."

काकूंनी पत्त्यांवरून नजर काढली नाही. "राजाचं काय न्हाई. मी शिकवलं म्हनला, त्येचं बोला."

आप्पांचा चेहरा लाल झाला. मी मनातल्या मनात मागे सरकलो. पण ते त्या अनोळखी बायकांसमोर, लेकीसमोर, माझ्यासमोर हळूच म्हणाले, "न्हाई शिकवलं. इंजिनियरसायबाचं माज्या डोक्यात काय शिरत न्हवतं. ही च्या द्यायला यायची, उभ्या उभ्या बघून शिकली. रातच्याला मला समजावून सांगायची."

काकूंनी तेव्हा कुठे वर पाहिलं. "बसा," त्या म्हणाल्या. "च्या घ्या. ह्यांचं शिकून झालं की येते मी."

आणि त्या आल्या, चांगला आठवडा लावून. रविवारचा डाव परत सुरू झाला. आता आप्पा आणि काकू भिडू असतात, मी खालच्या गृहस्थांबरोबर. आप्पा उतारी करण्याआधी थांबतात, काकूंकडे बघायचं नाही हा खेळाचा नियम पाळत पाटाकडे बघत राहतात, आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी पान हळूच ठेवतात. माझं आता लग्न ठरलंय, मोशीला फ्लॅट बघितलाय, ही खोली लवकरच सोडायची आहे. परवाच्या डावात मी एक इतकं गाढवासारखं पान टाकलं की खालचे शांत गृहस्थसुद्धा हळहळले. मी सवयीने मान खाली घालून आप्पा काय म्हणतात याची वाट बघत राहिलो.

"असू द्या," आप्पा म्हणाले. "हुतं आसं."

घरात कसा गारवा पसरला होता. आणि मला मात्र, का कोण जाणे, कुणीतरी माझ्यावर खूप जोरात ओरडावं असं वाटत होतं.