भांड्याखालचं नाव

एकतीस वर्षं वकिली केल्यावर इमोजीन स्ट्राउडने एके सकाळी ऑफिसची पाटी स्वतःच्या हाताने काढली आणि गाडीच्या डिकीत टाकली, तेव्हा अख्ख्या पायनी फोर्कने तिला वेड्यात काढलं. अलाबामातल्या आमच्या या गावात माणसं वकिली सोडतात ती दोनच कारणांनी. एक तर मरतात, नाहीतर निवडणूक जिंकून जज्ज होतात. खुनाच्या कादंबऱ्या लिहायच्या म्हणून चांगला चालता धंदा बंद करणारी बाई आम्ही बापजन्मात पाहिली नव्हती.

"अगं इमो, खून लिहायला ऑफिस कशाला बंद करायला हवं?" तिची मावसबहीण वायलोडीन म्हणाली. "रविवारी दुपारी लिहावा एखादा. बाकीचे दिवस पोटापाण्याचं बघावं."

"रविवारी दुपारी तू येऊन बसतेस ना माझ्या व्हरांड्यात! खून सुचतात गं, पण लिहायला कुठे मिळतात?"

"करायला तरी मिळत नाहीत, हे माझं नशीब," वायलोडीन म्हणाली आणि तिने आणखी थोडा गोड चहा ओतून घेतला.

आता वकील म्हणून इमोजीन काही ऐरीगैरी नव्हती हं! कौंटीतली पहिली बाई वकील. सुरुवातीला शेतकरी हातात टोपी धरून दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "मिस, वकीलसाहेब कधी येणार?" ती म्हणायची, "आलेत. बसा." मृत्युपत्रं, कुंपणाची भांडणं, कुणाची गाय कुणाच्या मक्यात शिरली, सगळं तिच्याकडे यायचं. पर्व्हिस गँट नावाच्या म्हाताऱ्याने तीन मुलांना वगळून सगळी जमीन आपल्या खेचराच्या नावे करायचा हट्ट धरला, तेव्हा ती चार तास त्याच्या अंगणात उन्हात बसून राहिली. शेवटी म्हातारा वठणीवर आला आणि जमीन मुलांना मिळाली. खेचराला मरेपर्यंत एका कुरणाचा हक्क मात्र तिला लिहून द्यावाच लागला.

पण कोर्टात तिचा जीव घुसमटायचा. "विचारलंय तेवढंच सांगा!" या एका वाक्याचा तिला इतका तिटकारा होता म्हणून सांगू! कुंपण कधी पडलं, एवढं विचारलं की साक्षीदार बिचारा सुरू व्हायचा: त्या दिवशी भावजय रुसून माहेरी निघाली होती, कुत्रं गाडीमागे धावत होतं... की जज्जसाहेबांचा हातोडा आपटलाच. आणि इमोजीनला नेमकं तेच ऐकायचं असायचं! तारखेला काय चाटायचंय? भावजय का रुसली ते सांग ना बाबा! अशा कोर्टाने न ऐकलेल्या गोष्टी एकतीस वर्षं तिच्या पोटात साठत गेल्या.

पाटी काढल्यावर चार वर्षांत तिने तीन कादंबऱ्या लिहिल्या. तिन्ही परत आल्या. चौथी न्यूयॉर्कला गेली, आणि एका गुरुवारी सकाळी फोन वाजला.

"मी लिंडक्विस्ट. प्रकाशनाची संपादक. तुमचं पुस्तक आम्हाला घ्यायचंय."

एकसष्टाव्या वर्षी इमोजीनने स्वयंपाकघरात उडी मारली. खरीखुरी उडी! फोनची वायर ताणली गेली आणि कॉफीचा कप आडवा झाला.

"फक्त शेवट बदलावा लागेल," मिस लिंडक्विस्ट म्हणाली.

झालं! उडी जिथल्या तिथे विरली.

कादंबरी अशी होती. एका मयताच्या घरी गावातल्या बायका जेवण पोचवतात, चाळीस भांडी टेबलावर मांडली जातात, आणि त्यातल्या एकात विष असतं. खुनी बाई महाहुशार. भांडंसुद्धा ती दुसऱ्या गावाहून नवं कोरं आणते, कुणी ओळखू नये म्हणून. आणि शेवटी शेरीफ भांडं उचलतो तर खाली चिकटपट्टी, आणि तिच्यावर त्या बाईचं नाव. तिच्याच अक्षरात.

"इतकी हुशार बाई स्वतःच्या हाताने नाव लिहून चिकटवेल? वाचक हसतील, मिस स्ट्राउड."

"तुमच्याकडचे हसतील. आमच्याकडचे कपाळावर हात मारून घेतील! अहो, दुःखाच्या घरी भांडं पाठवायचं म्हणजे खाली नाव लावायचंच. नाहीतर परत कसं येणार? बाईचं डोकं विचार करण्याआधी हात पट्टी फाडतो."

"पटत नाही. शेवट बदलणार असाल तर पुस्तक घेते. नाहीतर राहू दे."

चार वर्षं, तीन नकार, आणि आता दारात आलेलं पुस्तक हो! बदलते म्हटलं की काम झालं. पण मग उरतं काय? तिला ठाऊक असलेली सगळ्यात खरी गोष्ट तिथेच होती, त्या पट्टीवर. तिच्यातल्या वकिलाने उचल खाल्ली.

"पुढच्या आठवड्यात तुम्ही अटलांटाला येताय म्हणालात ना? तिथून आमचं गाव तीन तासांवर. रविवारी चर्चमध्ये जेवायला या. मी पुरावा दाखवते. नाही पटला, तर तुम्ही म्हणाल तो शेवट लिहून देते. शब्द आहे माझा."

पलीकडे डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग मिस लिंडक्विस्ट म्हणाली, "जेवायला काय असेल?"

इमोजीनने बेत पक्का केला. चर्चमधल्या अकरा बायकांना तिने सांगितलं, न्यूयॉर्कहून पाहुणी येतेय, रविवारी ती सगळ्यांचं चाखून पहिला नंबर काढणार. अट एकच. कुठलं भांडं कुणाचं, हे कुणालाही कळता कामा नये. बारावं भांडं तिचं स्वतःचं. खरं कारण तिने वायलोडीनलासुद्धा सांगितलं नाही, आणि वायलोडीनपासून काही लपवणं म्हणजे काय दिव्य असतं, ते तिलाच माहीत. इमोजीनचं नेहमीचं निळं भांडं गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखायचं, म्हणून शनिवारी दुकानात जाऊन तिने साधं काचेचं नवं भांडं आणलं.

रविवारी मिस लिंडक्विस्ट आली. काळे कपडे, काटकुळी, चेहऱ्यावरची रेघ हलेल तर शपथ. पण जेवण बघून ती हलली! ओव्हनमधला चिकन-भात, भरलेली अंडी, मक्याचा पाव, हॅमबरोबर शिजवलेली पालेभाजी, केळ्यांचं पुडिंग. तिने बाराही पदार्थ चाखले, पुडिंग दोनदा घेतलं आणि पहिला नंबरही त्यालाच दिला. पुडिंग वायलोडीनचं निघालं. मग काय, बाई जमिनीपासून चार बोटं वर!

"आता बघू या," इमोजीन हळूच म्हणाली. ती एकेक भांडं उचलून धरी आणि मिस लिंडक्विस्ट कमरेत वाकून खालून वाची.

पहिल्याखाली पट्टी. दुसऱ्याखाली पट्टी. तिसरं कोरं. चौथ्याखाली पट्टी! अकरांतून सात नावं निघाली तेव्हा इमोजीनने विजयाने हनुवटी वर केली. "सात जणींनी लपवायचं म्हणून आणलं, आणि नाव लावून आणलं!"

"लावून नाही," मिस लिंडक्विस्ट म्हणाली. "या पट्ट्या भाजून तपकिरी झाल्यात. वर्षानुवर्षांच्या आहेत. या बायका काढायला विसरल्या. विसरणं वेगळं. तुमची खुनी बाई नव्या भांड्यावर मुद्दाम नवी पट्टी लावते. ती इथे एक तरी आहे का?"

इमोजीनने हातातलं भांडं खाली ठेवलं. मुद्दा बिनतोड होता. समोरचा वकील असता तर तिने हात मिळवला असता. तेवढ्यात वायलोडीन कान टवकारत आलीच.

"पट्ट्यांचं काय म्हणताय? मी तर माझी पट्टी नेलपॉलिश काढायच्या औषधाने घासून घासून काढली! अट म्हणजे अट. मी काय वेंधळी आहे?"

"घ्या," मिस लिंडक्विस्ट म्हणाली. "ही बाई विषसुद्धा नीट घालेल."

इमोजीनला वायलोडीनचा गळा दाबावासा वाटला. आयुष्यभर जिचे लाड केले, तिनेच ऐन वेळी दुसऱ्या बाजूने साक्ष द्यावी! चार वर्षं डोळ्यांपुढून सरकली. शब्द दिला होता. आता घरी जाऊन, कुठल्या तरी बोटाच्या ठशावर खुनी बाईला पकडून द्यायची. कुठल्याही गावात, कुणीही पकडावी तशी. तिला रडू यायला लागलं, आणि त्याचा रागही आला.

"आणि हे?" मिस लिंडक्विस्टने उरलेल्या भांड्याकडे बोट केलं. दालचिनी घातलेली रताळी.

"ते माझं. त्यात काय बघायचं? काल कोरं विकत आणलंय, आणि मला तर सगळा डाव ठाऊक." तरी कोर्टाची सवय. पुरावा अर्धा दाखवायचा नाही. तिने दोन्ही हातांनी भांडं उचललं.

मिस लिंडक्विस्ट वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"काय झालं?" वायलोडीन गुडघ्यावर हात टेकून खाली वाकली. "अगं बाई! इमो!"

इमोजीनने भांडं डोक्याच्या वर धरून मान मागे टाकली. काचेच्या बुडावर पांढरीशुभ्र पट्टी. निळी शाई अजून चकाकत होती. 'आय. स्ट्राउड.' तिचं अक्षर. तिचा तो शेपटीवाला डी.

"मी नाही लावलं," ती म्हणाली.

"मग काय रताळ्यांनी लावलं?" वायलोडीन ओरडली. "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण!"

"मी नाही लावलं! काल मी... सकाळी घाईत... मी तर..." सकाळी टेबलाच्या कडेला पट्टी ठेवली होती. पेन हातात होतं, किराण्याच्या यादीसाठी. त्यापुढचं काही आठवत नव्हतं. कान लाल झाले, चेहरा पांढरा पडला. एकतीस वर्षं ती अशिलांच्या तोंडून हेच वाक्य ऐकत आली होती आणि एकालाही तिने पूर्ण खरं मानलं नव्हतं.

सगळ्या बायका गोळा झाल्या. मिस लिंडक्विस्टची नजर पट्टीवर नव्हतीच. ती इमोजीनचा चेहरा बघत होती, डोळे न हलवता.

"तुम्ही मुद्दाम केलं असेल असं आधी मला वाटलं," ती शेवटी म्हणाली. "पण असं तोंड मुद्दाम कुणाला करता येणार नाही."

"म्हणजे?" इमोजीनचा आवाज चिरकला.

"म्हणजे शेवट तोच राहील."

वायलोडीनला कशाचा शेवट ते कळलं नव्हतं, पण तिने टाळ्या पिटल्या, आणि ती पिटते म्हणून बाकीच्यांनी पिटल्या. इमोजीन एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. भांडं तसंच डोक्यावर, दालचिनीचा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता, आणि त्याचं तिला भान नव्हतं. इतका आनंद कुठलाही खटला जिंकून तिला झाला नव्हता.

"पण एक पान वाढवावं लागेल," मिस लिंडक्विस्ट म्हणाली. "शेरीफ भांडं उचलतो, खुनी बाईला स्वतःचं नाव दिसतं, आणि तिथे तुम्ही थांबता. ती काय बोलते, ते तुम्ही लिहिलंच नाही."

"काय बोलते?"

"'मी नाही लावलं.'"

इमोजीनने रताळी वायलोडीनच्या हातात कोंबली, खुर्ची ओढली, आणि प्रार्थनेच्या पत्रकाची कोरी बाजू वर करून लिहायला बसली.