यज्ञेश्वरशास्त्र्यांचा डावा गुडघा

ऑपरेशन छातीचं ठरलं होतं, पण यज्ञेश्वरशास्त्री बघत होते पायांकडे.

हे १९९८च्या वैशाखातलं. मंगला गौरीच्या गल्लीत शास्त्र्यांच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. सांगोल्याहून बँकेच्या नोकरीपायी बनारसला येऊन पडलो होतो. शास्त्री एकसष्ट वर्षांचे, घाटावर श्राद्धं करवणारे. हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या. डॉक्टर कुशल यांनी समजावलं की पायातली शीर काढून छातीत जोडू, म्हणजे रक्ताला नवा रस्ता मिळेल.

"छातीत हवं ते करा," शास्त्री म्हणाले, "पण शीर कोणत्या पायातली?"

"जो आप कहें, पंडितजी. दोनों अच्छी हैं."

"लोक विचारतात, वाचेन ना," त्यांच्या पत्नी, शरदिनीकाकू, मला म्हणाल्या, "आणि हे बसलेत पाय निवडत!"

कारण होतं. पितरांना काही अर्पण करताना डावा गुडघा जमिनीला टेकायचा असतो. टेकायचा खरं तर यजमानाने. पण शास्त्र्यांचे यजमान पुण्या-नागपूरकडून आलेले, खुर्चीवर वाढलेले. त्यांना नुसतं सांगून कळत नसे. म्हणून शास्त्री चाळीस वर्षं प्रत्येकासमोर स्वतः गुडघा टेकून दाखवत आले होते. पितृपक्षात दिवसाला दहा-बारा वेळा. तो पितृपक्ष चार महिन्यांवर आला होता, आणि तेव्हा घाटावर बसता आलं नाही, तर छाती कितीही उत्तम चालली तरी शास्त्र्यांच्या लेखी ऑपरेशन फसलेलंच.

"उजव्यातली काढा," त्यांनी निकाल दिला. "डाव्याला हात नाही लावायचा."

मग डॉक्टरांनी दोन तऱ्हा सांगितल्या. एक, घोट्यापासून मांडीपर्यंत सरळ लांब चिरा. शीर डोळ्यांसमोर राहते, काम झटपट होतं. पण जखम मोठी. दुसरी, तीन-चार लहान चिरे, मधली कातडी शाबूत, आणि शीर आतल्या आत सोडवून बाहेर घ्यायची. जखम लवकर भरते. पण वेळ लागतो आणि शिरेला ओढ बसायची भीती. "ज़्यादा खिंच गई तो नस बेकार."

मी बारावीला जीवशास्त्र घेतलं होतं. तेवढ्यावर शास्त्री मला निमा डॉक्टर समजत. दुसऱ्या दिवशी सकाळीच मला घेऊन ते बालाजी घाटावर गेले. तिथे त्यांनी हेच ऑपरेशन झालेले दोन पाय हजर ठेवले होते. एक रेल्वेतून निवृत्त झालेल्या वासुदेवरावांचा, लांब चिऱ्याचा. दुसरा बिंदुमाधवांचा, लहान चिऱ्यांचा. हे शास्त्र्यांच्याच धंद्यातले.

"करा धोतर वर," शास्त्री म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "भैया, नीट बघ."

दोघांनी भर घाटावर पाय उघडे केले. एका गोऱ्या पर्यटकाने फोटो काढला. कोणता विधी समजला, कोण जाणे.

"दीड महिना घोटा असा फुगला होता, चप्पल जाईना," वासुदेवराव म्हणाले. "अजून इथे मुंगी चावली तरी कळत नाही."

"मग फायदाच की," मी म्हणालो.

"माझं पंधरा दिवसांत भरलं," बिंदुमाधव म्हणाले. "पण पहिले आठ दिवस मांडी अशी जांभळी, बायको विचारायची, कुणाशी मारामारी केलीत?"

शास्त्री खुशीत घरी आले. लहान चिरे नक्की! काकू परवल चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"दोन पाय बघून ठरवलंत? आणि शीरच खराब निघाली, तर लहान चिरे काय आरशात बघत बसायचे?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शास्त्री डॉक्टरांना म्हणाले, "लहान चिऱ्यांनी सुरू करा. पण शीर अडली, तर माझा मुलाहिजा ठेवू नका. सरळ उघडा."

तसंच झालं. गुडघ्याखाली शिरेला फाटे फार निघाले, तेव्हा डॉक्टरांनी ओढाताण न करता दोन चिरे एक केले. शास्त्री घरी आले ते गुडघ्याखाली वीतभर लांब टाके आणि वर मांडीवर दोन लहान जखमा घेऊन. पण शीर चांगली निघाली होती. महिन्याभरात ते गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागले आणि भेटेल त्याला सांगू लागले, "डावा वाचवला हां!"

आषाढात बिंदुमाधव भेटायला आले. त्यांनी चहा संपवला, डाव्या गुडघ्याची कहाणी ऐकून घेतली, आणि म्हणाले, "छान. पण पितरांच्या आधी विश्वेदेवांचं असतं ना हो? त्यांना उजवा गुडघा टेकतात. की यंदा देवांना उभ्यानेच वाढायचं ठरलंय?"

शास्त्र्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चाळीस वर्षं रोज करवलेला क्रम, आणि भीतीपोटी बरोबर अर्धाच आठवला होता! काकू हसता हसता खालीच बसल्या. "माझी काळजी फुकट गेली बाई. यांचं हृदय नव्हे, डोकं दाखवायला हवं होतं."

त्या दिवसापासून घोंगडीची घडी घालून उजव्या गुडघ्याचा सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी गुडघा जमिनीपासून हातभर वर राहिला. श्रावणात चार बोटं. काकू येता-जाता वाकून बघत आणि "अजून देव अधांतरी आहेत" म्हणत.

पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी मी बँकेतून सकाळची सुट्टी काढून घाटावर गेलो. यजमान नाशिकचे, चाळिशीचे, चांगले धडधाकट. शास्त्र्यांनी दर्भ हातात घेतले, सावकाश उजवा पाय मुडपला, दात आवळले, आणि गुडघा दगडाला टेकला. टाक्यांची जागा ताणली असणार, कारण मंत्र क्षणभर थांबला. मग पुढे सुरू झाला.

"आता तुम्ही," ते म्हणाले.

यजमान वाकले, कण्हले, अर्ध्यात अडकले. "गुरुजी, जमत नाही हो. पाय वळत नाही."

"अहो, माझ्या तर पायातली शीर काढून नेलीय," शास्त्री म्हणाले. "तुमची सगळी जागेवर आहे ना? टेका."