दुसरी तिन्हीसांज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या दुपारी काच मी पुसली होती.

सुमनताई गेल्याचा फोन तिच्या मुलीनं, अनघानं केला, तेव्हा मला आधी ती काचच आठवली. आमच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेच्या छतात एक काचेची खिडकी होती. तिच्यातून हिरवा लेसर आभाळात सोडायचा आणि वरून काय परत येतं ते पाहायचं. ताई मला वरिष्ठ. मी मुनिरक्यातल्या भाड्याच्या खोलीत, ती लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरमध्ये. रविवारचं जेवण तिच्याकडेच. दूर कुठेतरी मोठा ज्वालामुखी फुटला, त्या वर्षी एकदा तिनं मला संध्याकाळी गच्चीवर नेलं. सूर्य बुडून अंधारलं होतं. मी निघालो तर म्हणाली, "थांब ना यार, घाई काय?" आणि पश्चिम पुन्हा उजळली... जांभळी, ओली वाटावी अशी. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आजींनी पुन्हा तिन्हीसांज झाली समजून देवापुढे दुसऱ्यांदा दिवा लावला. "गंधकाचा वायू फार वर जातो, त्याचे थेंब होतात," ताई हळूच म्हणाली. "आपल्याला सूर्य गेलेला असतो रे. त्यांना दिसतच असतो."

काही वर्षांनी आभाळ निवळलं. ज्वालामुखी कुठेच नाही, तरी एका पावसाळ्यात, ढगांच्या फटीतून, लेसरला खूप वर एक पातळ थर सापडला. ताई म्हणाली, हा आपलाच गंधक, आपल्या कोळशाच्या धुरातला. पावसाळी ढगच त्याला वर ओढून नेतात. मीटिंगमध्ये साहेब हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "शीशा साफ़ था?"

माझी नोकरी पक्की व्हायची होती. मी म्हणालो, "शायद नहीं, सर."

थर काचेवरची धूळ ठरला. जिन्यात ताई म्हणाली, "शायद! मराठीत जमलं नसतं ना तुला?" ती हसली. मीही हसलो. पुढे तसाच थर इतरांना सापडला. ताईनं ते वाचलं, चहा टाकला, विषय काढला नाही.

परवा अनघानं एक मलमलचं फडकं हातात ठेवलं. "आई म्हणायची, काकांचं आहे, धुवायचं नाही." घडी उलगडली. त्या दुपारी काच पुसतानाचे, माझ्याच बोटांचे करडे ठसे...

ताईच्या घराच्या गच्चीवर तिची वेताची खुर्ची अजून पश्चिमेकडे तोंड करून आहे. अंधार पडला तरी मी शेजारी उभा राहिलो. खुर्ची पुन्हा उजळली, की मला नुसतं तसं वाटलं, कुणास ठाऊक.

साहेब नाहीत, ताई नाही. त्या मीटिंगमधले काही जण मात्र हे वाचत असतील. त्यांच्यासमोर ताईला एक वाक्य मी देणं लागतो : काच स्वच्छ होती.